न पुसलं जाणारं नव्वद

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पण माझ्यासमोर आजवर एकही मूल शिकायला बसलेलं नाही. माझं दुखणं इथूनच सुरू होतं. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार ज्या कार्यालयातून चालतो, त्याच्या बैठकीच्या खोलीत मी टांगलेला आहे. समोर लांब टेबल, वर खरखरणारा पंखा, आणि मुलांना वर्षभरात काय यायला हवं हे ठरवणारी मोठी माणसं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो की लोक माझ्यात पाहून केस सारखे करत. इथे आल्यावर रंगाऱ्याने माझ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं 'आज', उजवीकडे 'वर्षअखेर'. हिशेब सरळ होता. तिसरीतल्या शंभर मुलांपैकी आज किती जणांना धडा वाचता येतो ते डावीकडे लिहायचं, आणि वर्ष संपताना किती जणांना वाचता यायला हवा ते उजवीकडे. मला वाटलं, चला, आपल्या हातून काही चांगलं घडणार.

कसलं काय. पहिल्याच बैठकीला फोटो काढणारा दारात येऊन उभा, आणि मी कोरा. तेव्हाचे मोठे साहेब कारकुनाला म्हणाले, "पटकन काहीतरी लिहू. ऐंशी?"

"ऐंशी जरा पडेल दिसतं साहेब. नव्वद कसं भरल्यासारखं वाटतं."

फळ्याचं पेन सापडेना. शेवटी साहेबांनी खोक्यांवर नावं घालायचं जाड काळं पेन उचललं आणि माझ्या उजव्या गालावर ठसठशीत ९० काढलं. डावीकडे काय लिहायचं, असं कुणीतरी विचारलं. "ते नंतर बघू," साहेब म्हणाले. फोटो छान आला. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर नव्वद जाईना. ओल्या फडक्याने झालं, कोरड्या फडक्याने झालं. "स्पिरिटने निघेल," कारकून म्हणाला. पण स्पिरिट मागवायचं म्हणजे अर्ज, अर्जावर सही, आणि सहीवाले रजेवर. राहिलं ते राहिलंच.

आता पुढची गंमत ऐका. पुढच्या वर्षी उद्दिष्ट ठरवायची बैठक भरली, तेव्हा नव्वद आधीच लिहिलेलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं, चहा घेतला आणि माना डोलावल्या. साहेब बदलून गेले, नवे आले, तेही गेले. नव्वद जागचं हललं नाही. आताच्या साहेबांनी तर माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "या आकड्यामागे मोठा अभ्यास आहे." अभ्यास कसला डोंबलाचा. फळ्याला तोंड नसतं याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

'आज'चा रकाना मात्र कोराच. त्याच्यावर निरोप समारंभाचे फुगे चिकटले. एकदा कुणीतरी 'पंखा दुरुस्त करणे' असं लिहून गेलं. पंखा अजून खरखरतो.

बरं, मग शाळा नव्वद गाठायच्या कशा? भिंतीला कान असतात, आणि मी तर भिंतीवरच असतो, म्हणून चहाच्या वेळची कुजबुज मला कळते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी परीक्षेच्या आदल्या दिवशी निरोप जायचा, 'उद्या सुट्टी आहे.' मग जे येतील त्यांच्यातून टक्के काढायचे. साहेब मुख्याध्यापकांची पाठ थोपटत, आणि मी खिळ्यावर चरफडत बसे.

यंदा सहामाहीनंतर मात्र एका शाळेच्या तिसरीच्या बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना परीक्षेला बसवलं होतं, आणि निकाल आपटला होता. बाई आल्या, मुख्याध्यापकांच्या शेजारी बसल्या.

"सकाळचा पहिला तास तुम्ही कच्च्या मुलांच्या वाचनाला देता म्हणे," साहेब म्हणाले. "तो बंद करा. त्या वेळात सराव परीक्षा घ्या."

"साहेब, ज्यांना वाचता येत नाही, ते सराव परीक्षा वाचणार कशी?"

"बाकीच्या शाळा नव्वद गाठतातच ना, बाई?"

"न वाचणाऱ्यांना घरी बसवून गाठतात. आमच्या शाळेतूनही एका मुलीला निरोप गेला होता. तिची आई तिला हाताला धरून शाळेत घेऊन आली. म्हणाली, परीक्षा सगळ्यांची, मग सुट्टी एकट्या आमच्या पोरीलाच का? मग मी सगळ्यांनाच बसवलं. ती पोर पहिल्या ओळीतच अडकते, साहेब. तिच्याजवळ बसायला मला तेवढाच एक तास मिळतो."

मुख्याध्यापक बशीतल्या बिस्किटाचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

"नव्वद अभ्यास करून ठरलंय," साहेब म्हणाले.

"कुणी केला अभ्यास?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून तोच, फक्त केस पिकलेले. त्याने कान खाजवला. "खरं सांगू का साहेब? ते पुसलं जात नाही."

"म्हणजे?"

"खोक्याच्या पेनाने लिहिलंय. फोटोसाठी. तेव्हापासून आहे."

बाई उठल्या, माझ्यापाशी आल्या. कारकुनाने घाईत पुढे केलं तेही तेच जाड काळं पेन. बाईंनी त्याचं टोक निरखलं, पेन परत दिलं आणि फळ्याचं मागून घेतलं. मग 'आज'खाली आपल्या वर्गाचा आकडा लिहिला. ५३.

"अहो, बाहेरच्या कुणी पाहिलं तर?" साहेब म्हणाले.

"पाहू दे. म्हणून तर पुसता येईल अशा पेनाने लिहिलंय. मला हा पुसायचाच आहे."

साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. "वर्षअखेरपर्यंत तुमचा तास चालू ठेवा," ते शेवटी म्हणाले. "पण दर महिन्याला इथे येऊन आकडा लिहायचा. वाढो नाहीतर घटो."

बाई येतात. एकदा आकडा खाली गेला, तोही त्यांनी लिहिला. परवा आल्या, जुना आकडा तळहाताने पुसला, नवा लिहिला आणि कारकुनाला म्हणाल्या, "ती मुलगी काल अख्खा धडा वाचून गेली. अडखळत वाचला, पण तिचा तिने वाचला."

"मग मी स्पिरिटचा अर्ज पुन्हा टाकतो," कारकून म्हणाला.

अर्ज सहीला गेला आहे, म्हणजे तुम्हीच काय ते समजा. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. कुठे पोहोचायचं ते जरूर ठरवा, पण आधी आपण आज कुठे आहोत ते खरं लिहा, भले ते कमी दिसो. आणि मोठा आकडा लिहिताना हातातलं पेन एकदा तपासा. माझा उजवा गाल अजून काळाच आहे. डावीकडे मात्र बाईंचा हात फिरतो तेवढी जागा पुन्हा कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत झाली आहे.