तारबाबूच्या घरची पाल

सन बत्तीसच्या सुमाराला नंदुरबार स्टेशनात मद्रासकडचा एक तारबाबू बदलून आला. वरदन त्याचं नाव. मागोमाग त्याची बायको अलमेलू आली. तिला ना मराठी कळे, ना अहिराणी, ना हिंदी. रेल्वेच्या चाळीला दूध घालणारी छबूबाई पहिल्या सकाळी तिच्या दारात गेली, तर अलमेलूने चरवीकडे बोट करून विचारलं, "पाल?"

छबूबाईच्या काळजात धस्स झालं. तिने चरवी उजेडात धरली, माप घालून ढवळून पाहिली. "कोठे शे पाल?"

अलमेलू गोड हसली. भांडं पुढे करत म्हणाली, "पाल, पाल."

इतक्या खात्रीने सांगते म्हटल्यावर छबूबाईचाही धीर सुटला. जाणूनबुजून कुणाच्या पोटात विष कसं घालायचं? तिने सगळं दूध गटारीत ओतलं. अलमेलू बघतच राहिली. शेजारची रमिलाबाईही बघत होती. दुसऱ्या दिवशी चाळीत एकाही घराने छबूबाईपुढे भांडं धरलं नाही.

ती तणतणत तारघरात गेली. बाबूने सगळं ऐकलं आणि हसत सुटला. "बाई, हमारे मुलुक में दूध को पाल बोलते हैं."

छबूबाईचा जीव भांड्यात पडला. ती घरोघर सांगत सुटली, "मन्हा दूधमा काहीच नव्हतं. त्यासना बोलीमा दूधले पाल म्हंतस. मद्रासी लोके रोज पाल पेतस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडी पुन्हा पुढे आली. मग एके दिवशी रमिलाबाई दूध घेताना हळूच म्हणाली, "तुन्हं दूध चोख शे. पन त्या मद्रासीसना भांडाले तुन्हं माप नको लावू."

"कसाले?"

"त्या पाल पेतस ना. तूच सांगं व्हतं."

"अवं, पाल म्हंजे दूध."

"हाव, पालनंच दूध. समजनं मले."

छबूबाई जितकं समजावी तितकं ते पक्कं होत गेलं. नळावर अलमेलू आली की बाया घागरी उचलून लांब सरत. अलमेलूला वाटे, परक्या मुलखातली म्हणून आपल्याला मान देतात. ती हात जोडून हसे. ते हसू छबूबाईला बघवेना. आपलं नाव धुतलं गेलं, आणि त्याचा मळ या पोरीच्या अंगावर पडला.

एका सकाळी ती आधी अलमेलूच्याच दारात गेली. माप भांड्याला खणकन लावून दूध घातलं आणि ओट्यावर ऐसपैस बसली. अलमेलूने पितळी पेल्यात वाफाळती कॉफी आणून दिली. नळावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत होत्या. छबूबाईने जन्मात कॉफी चाखली नव्हती. तोंड वाकडं न करता तिने पेला रिकामा केला.

रमिलाबाईला राहवलं नाही. जवळ येऊन तिने विचारलं, "कशी लागस?"

"कडू शे," छबूबाई म्हणाली. "पन बरी शे."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, की पाल कडू लागते.