पाचशे मीटर अलीकडचे अकरा प्रश्न

मी एक जुनी यादी आहे. वाणसामानाची नव्हे, ती यादी निदान दुकानदार तरी मन लावून वाचतो. मी अकरा प्रश्नांची यादी आहे. जाड कागदावर छापलेली, वरून प्लास्टिक चढवलेली, डोक्याला भोक पाडून खिळ्याला अडकवलेली. माझा खिळा समुद्रात उभ्या असलेल्या एका रिगच्या कंट्रोल रूममध्ये, वायरलेसच्या शेजारी आहे. तिथे मी चौदा वर्षं लटकते आहे. प्लास्टिक पिवळं पडलंय, एक कोपरा सुटलाय, आणि आठव्या प्रश्नावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी रिग पाहिली नसेल. तीन पायांचं एक लोखंडी टेबल डोळ्यांसमोर आणा. पाय समुद्राच्या तळाशी रोवलेले, आणि वरती एक अख्खी गल्ली मावेल एवढी जागा. तिथे नव्वद माणसं राहतात, आणि तळाला खोल भोक पाडून खालचं तेल नि वायू वर आणायची खटपट करतात. नव्वद माणसांना जेवण लागतं, गोडं पाणी लागतं, पाइप लागतात, सिमेंट लागतं. हे सगळं पुरवठ्याची बोट आणते. म्हणजे गंमत पाहा, ज्या पायाला कोणत्याही जहाजाचा धक्का लागता कामा नये, त्याच पायाशी या बोटीला दर तीन दिवसांनी यावं लागतं. परक्या जहाजांवर सगळ्यांचा डोळा असतो. जपायचं असतं ते ओळखीच्यांपासून. नातेवाइकांचंही असंच असतं म्हणतात, पण मी आपली बोटींपुरतं बोलते.

म्हणून रिगभोवती पाचशे मीटरवर एक न दिसणारं कुंपण मानलेलं आहे. बोटीने त्याच्या बाहेर थांबायचं. कंट्रोल रूममधल्या माणसाने मला हातात घेऊन वायरलेसवर एकेक प्रश्न विचारायचा. कप्तानाने उत्तर दिलं की माझ्यावर पेनाने बरोबरची खूण करायची. अकराच्या अकरा झाल्या की बोट आत. मग वहीत एक ओळ लिहायची आणि फडक्याने मला पुसून टाकायचं. तुमच्या परीक्षेत अकरापैकी दहा मिळाले तर घरी पेढे येतील. माझ्याकडे दहा म्हणजे नापास.

माझा जन्म एका सेफ्टी अधिकाऱ्याच्या टेबलावर झाला. माणूस किडकिडीत, पोटाचा विकार असलेला. रिगवर त्याला शंकासुर म्हणत. त्याने ठिकठिकाणच्या टकरींचे अहवाल वाचले आणि एकेका टकरीतून एकेक प्रश्न काढला. बोटीचं नाक सरळ रिगवर तर रोखलेलं नाही ना? ऑटोपायलट बंद केला का? इंजिन मागे घेऊन पाहिलं का? सुकाणूच्या केबिनमध्ये दोन माणसं आहेत का? असे अकरा. म्हणजे माझ्यावरचा प्रत्येक प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारायचा राहिला होता. शंकासुर मला खिळ्याला लावून गेला आणि वर्षभरात पोटाच्या विकारानेच निवृत्त झाला.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. किनाऱ्यावरून मोठे अधिकारी पाहणीला आले की मला पुसून त्यांच्या हातात देत. "किती सुटसुटीत आहे!" असं ते म्हणत. एकाने माझा फोटोही काढला. फोटोत मी छान आले. वाचलं मात्र त्यानेही नाही.

तीन वर्षांपूर्वी कंट्रोल रूममध्ये एक नवीन बाई आली. हुशार, नीटनेटकी. मला वरपासून खालपर्यंत वाचणारी चौदा वर्षांतली ती पहिली. पहिल्याच आठवड्यात सगळ्या रिगला कळलं की पुरवठ्याच्या बोटीचे कप्तान तिचे सासरे आहेत. तेव्हापासून तिचं नाव सूनबाई पडलं. नव्वद माणसांची एकच सूनबाई.

आता मित्रांनो, पेच लक्षात घ्या. सदतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. घरी ज्यांच्यासमोर ती आवाज चढवत नाही, त्यांना भर वायरलेसवर विचारायचं, "कप्तान, इंजिन तपासलंत का?" तिने विचारलं. वर्षभर अकराच्या अकरा प्रश्न विचारले. कप्तान लाकडासारख्या आवाजात "हो", "हो" म्हणत गेले. घरी जेवताना मात्र ते म्हणाले होते की जन्म गेला पाण्यावर आणि आता घरची सून विचारते, बाबा, पोहता येतं का. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी विचारतेय, गॅस बंद केलात का. न बघता हो म्हणता. तिला तरी खरं सांगत जा." हे सूनबाईने इथल्या आचाऱ्याला सांगितलं. आचारी चहाचा कप घेऊन येई आणि मी टेबलावर असले की कप माझ्यावरच ठेवून ऐके. माझ्या आठव्या प्रश्नाने ते सोसलं आहे.

मग दुर्लक्ष कसं झालं? ते काही पाय आपटत येत नाही. सूनबाईला एक लेक. तेव्हा सहा वर्षांची. सूनबाईला महिनाभर रिगवर राहावं लागे आणि महिनाभर घरी. रिगवर फोन होता, पण सहा वर्षांची मुलं फोनवर "हं" याच्यापलीकडे काही बोलत नाहीत. कप्तान मात्र दर खेपेला बंदराला लागले की घरी जाऊन येत. त्यामुळे त्यांच्या बोटीतून रिगवर सिमेंट येई, पाणी येई आणि लेकीच्या बातम्या येत. एकदा तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी कळलं की लेकीचा दात पडला. एकदा पहिल्याच प्रश्नाला कळलं की तिने शेजारच्या मांजराला शाळेच्या दप्तरातून नेलं. हळूहळू अकरा प्रश्नांच्या जागी एकच प्रश्न आला, "काय म्हणते ती?" आजोबा सांगत जात, आई ऐकत जाई आणि ऐकता ऐकता तिचा हात माझ्यावर अकरा खुणा करून मोकळा होई.

वायरलेसवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. क्रेनवाला क्रेन थांबवून कान देई. आचारी हातातला झारा तसाच धरून दाराशी उभा राही. कोणी म्हणालं नाही की बाई, यादी राहिली. मीही म्हणाले नाही. मला तोंड नाही हे खरं, पण त्याहून खरं हे की मांजराचं पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.

लोकांना वाटतं, अपघात वादळात होतात. वादळात सगळे जागे असतात हो. ती सकाळ अगदी स्वच्छ होती. समुद्र इस्त्री केल्यासारखा. बोट समोरून येत होती आणि कप्तान रंगात आले होते, कारण आदल्या संध्याकाळी लेकीने मागची छोटी चाकं काढून पहिल्यांदा सायकल चालवली होती. आजोबा मागून धावले होते. गल्लीच्या टोकाला ती वळली आणि तिने मागे पाहिलं, तर आजोबांनी हात कधीच सोडला होता. सूनबाई हसत होती, डोळे पुसत होती. माझ्यावर अकरा खुणा झाल्या होत्या.

डोळे पुसून तिने सहज समोरच्या पडद्यावर पाहिलं. बोट चारशे मीटरवर होती. वेग ताशी अठरा किलोमीटर. तिथे तो माणसाच्या चालीएवढा असायला हवा.

सूनबाईचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, कारण तिने मला खिळ्यावरून ओढून काढलं होतं. एका हाताने तिने धोक्याचा भोंगा सुरू केला आणि दुसऱ्या हातात मी.

"ऑटोपायलट बंद आहे का?" तिने विचारलं.

"हो गं, आहे. भोंगा कसला वाजतोय तुमच्याकडे?"

"बाबा, बघून सांगा."

तीन वर्षांत वायरलेसवर ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाली. आणि 'बघून सांगा' तर घरीदारी कोणीच त्यांना म्हणालं नव्हतं. पलीकडे खुर्ची सरकली. ऑटोपायलट म्हणजे काय, तर बोटीला एखादी जागा सांगून ठेवायची आणि तिने आपण होऊन तिकडे जायचं. कप्तानांनी बंदरातून निघताना सोयीसाठी रिगचीच जागा सांगून ठेवली होती. कुंपणाशी आलं की आपण बंद करतोच, हे त्यांना पाठ होतं. त्या दिवशी हातांनी बंद केला नव्हता, तो केला असं मनानेच धरलं होतं. तीन हजार टनांचं आज्ञाधारक लोखंड, सांगितलेल्या जागी अगदी बिनचूक येत होतं.

मग पडद्यावरचा ठिपका बाजूला वळला; कप्तानांनी सुकाणू हातात घेतलं होतं. खिडकीतून बोट इतकी मोठी दिसली की तिच्या कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलाच्या रेघा मला मोजून दाखवता आल्या असत्या. रिगच्या पायापासून चाळीस मीटरवरून ती निघून गेली. तिची लाट पायावर आपटली, माझा खिळा थरथरला आणि आचाऱ्याच्या हातातला कप फुटला. इतकंच झालं. काहीच झालं नाही, असंही म्हणता येईल. बरेच लोक तसं म्हणालेही.

बोट लांब जाऊन थांबली. दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. कप्तान वायरलेस सोडून फोनवर आले होते. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

"सात महिने राहिलेत माझ्या नोकरीचे," ते म्हणाले. "खुणा पुसून टाक आणि पहिल्यापासून नीट विचार. यादी राहिली होती हे कोणी सांगणार नाही."

सूनबाईच्या डाव्या हातात फडकं होतं. मी टेबलावर उताणी पडले होते, अंगावर अकरा खोट्या खुणा घेऊन. एक हात फिरवला की मी कोरी. कागद बोलत नाही, आणि पुसलेलं प्लास्टिक तर नाहीच नाही.

"खुणा मी केल्यात, बाबा," ती म्हणाली. "पुसल्या तर उद्या परत अशाच करीन."

मग त्यांनी फोन ठेवला. तिने फडक्याची घडी घातली, मला तशीच उचललं आणि रिगच्या मुख्य साहेबांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं. चौदा वर्षांत मी खिळा सोडून इतकी लांब कधी गेले नव्हते.

चौकशी झाली. किनाऱ्यावरून तीन माणसं आली. "मी प्रश्न विचारले नाहीत," सूनबाईने सांगितलं. कप्तानांना विचारलं, तेव्हा वाटलं की आता ते तिच्यावर ढकलणार. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिने विचारलं असतं तरी मी न बघताच हो म्हणालो असतो," ते म्हणाले. "रोज तेच करतो." सूनबाईला लेखी ताकीद मिळाली. कप्तानांना दोन महिने किनाऱ्यावर बसवलं आणि त्यांची नातवंडं शोभतील अशा पोरांबरोबर वर्गात बसायला लावलं.

खरं बोलले, पण रुसायचे ते रुसलेच. सूनबाई महिनाभर घरी जाऊन आली तेव्हा आचाऱ्याला सांगत होती की बाबा पंधरा दिवस तिच्याशी लेकीमार्फत बोलत होते. "आईला सांग, मीठ इकडे दे." मीठ दोघांच्या मधोमध असायचं. मग एके दिवशी वर्गातल्या परीक्षेचा अभ्यास घ्यायला त्यांना कोणी मिळेना. सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता, असं त्या म्हणाल्या. अभ्यास सूनबाईने घेतला.

कप्तान परत आले तेव्हा नोकरीचे पाच महिने उरले होते. बोट पाचशे मीटरच्या बरीच बाहेर, हजारावर थांबली, कोणी न सांगता. क्रेन थांबली. आचारी दाराशी आला. सूनबाईने मला खिळ्यावरून काढलं.

तिने पहिला प्रश्न विचारला. पलीकडून आवाज आला, "थांब, बघतो." मग पावलं ऐकू आली, कुठेतरी जाणारी आणि परत येणारी. "हो." खूण. दुसरा. "थांब, बघतो." परत पावलं. मित्रांनो, 'हो' तर मी हजारो ऐकले होते. 'हो'च्या आधीची ही पावलं मी नव्याने ऐकत होते. मांजर, दात, सायकल, कशाचाही उल्लेख नाही.

सातवा प्रश्न आला. सुकाणूच्या केबिनमध्ये दोन माणसं आहेत का?

पावलं गेली. जरा जास्त वेळ गेला.

"नाही," कप्तान म्हणाले. "माझा मदतनीस मेट खाली गेलाय, त्याच्याशिवाय मी एकटाच आहे इथे. बोलावून आणतो."

सूनबाईचं पेन माझ्यावर टेकायच्या बेतात होतं, ते तिने वर उचललं. चार मिनिटं सातवी जागा रिकामी राहिली. रिग थांबली, बोट थांबली, नव्वद माणसं थांबली. कोणाचं काही बिघडलं नाही.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. आज ना उद्या मला उतरवतील आणि तिथे पडद्यावरची यादी येईल. तिला खिळा लागणार नाही, फडकंही नाही. तिचीही आबाळ होऊ नये म्हणून एवढंच मागते. तुम्हाला कोणी विचारलं, गॅस बंद केला का, कडी लावली का, तर त्या माणसाचा राग मानू नका. उठा आणि बघून या. विचारणाऱ्याने मोठ्यांपुढे संकोच करू नये आणि सांगणाऱ्याने 'नाही' म्हणायला लाजू नये. खऱ्या उत्तरासाठी माझ्यासारखीला फार वाट पाहावी लागते.

मेट धापा टाकत वर आल्याचं कप्तानांनी कळवलं. सूनबाईने सातवी खूण केली आणि आठवा प्रश्न विचारला.