मागून हाक

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला नीट पाहिलं असेल. मी बोलू लागलो की लोक वर पाहत नाहीत, कानांवर हात ठेवतात. मी लाऊडस्पीकरचा भोंगा आहे. ॲल्युमिनियमचा, धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला, एका बाजूला कड चेपलेला. वय एकतीस वर्षं. मेहकर तालुक्यातल्या डोणगावात एका मंडप डेकोरेशनच्या गोदामात मी खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यातून आता आवाज निघत नाही. तो कोणत्या संध्याकाळी आणि कशासाठी गेला, ते मी क्रमानं सांगतो. त्यात काही वाढवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून माझं तोंड घडवलं आणि मागे युनिट बसवलं. युनिटात कागदाइतका पातळ पडदा असतो. तो थरथरला की मी बोलतो. माझं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. कोणी माईक हातात धरला तरच मला आवाज.

मला गुलाम रसूल यांनी विकत आणलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी लाल रंगानं माझ्या पाठीवर आपलं नाव लिहिलं आणि त्यांच्या बायकोनं, अमीरबीनं, नजर लागू नये म्हणून माझ्या दांड्याला काळा दोरा बांधला.

पहिलं काम जानेफळच्या यात्रेतलं, तंबूतल्या सिनेमाचं. निरोप म्हणजे काय, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. आगगाडी सुटायची, नायक फलाटावरून धावायचा, खिडकीतली बाई मागे वळून पाहायची नाही. तंबूतल्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. मला मात्र एक गोष्ट खटकायची. सिनेमातल्या माणसाची पिशवी कधी मागे राहत नाही. पाणी घेतलं का, असं त्याला कोणी विचारत नाही.

मग शाळेचं काम मिळालं. दरवर्षी फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ असे. जानराव सर एखाद्या कथेतलं ताटातुटीचं पान वाचून दाखवत. पुस्तकातला निघणारा माणूस दारात थांबतो आणि पानभर बोलतो. मनातलं सगळं बोलून होईपर्यंत त्याची गाडी सुटत नाही. वाचताना सरांचा आवाज जड व्हायचा. वाचून झालं की ते माईक खाली ठेवत आणि तो बंद करायला विसरत. मग साऱ्या गावाला ऐकू जायचं, "हे हॉलतिकीट कोणाचं राह्यलं बे इथं? पेपरले काय आधार कार्ड घेऊन जातं?" पोरं हसायची. सरांचा खरा निरोप हा दुसरा, असं मला वाटायचं.

लग्नांत मी पाठवणीची गाणी वाजवली. रिक्षाच्या टपावर बसून कोण गेलं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघेल, ते सांगत फिरलो. लोक म्हणत, "रसूलभाऊचा भोंगा दोन कोसावर ऐकू येते." हेच माझं कौतुक.

आता एक चाल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. हाक लागली की अपशकुन होतो, काम फिसकटतं, असं मानतात. चुकून कोणी हाक मारलीच, तर निघालेल्यानं परत यायचं, घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. ही चाल हिंदूंच्या घरात आहे, तशी मुसलमानांच्या घरातही आहे. सिनेमा मागे वळून पाहू देत नाही आणि आमचं गाव मागून हाक मारू देत नाही. दोन्हींचं कसं जमलं, कोण जाणे.

चार वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, गुलाम रसूल मोटारसायकलवर मेहकरला निघाले. मी तेव्हा त्यांच्या घराला लागून असलेल्या मंडपाच्या दुकानाच्या पत्र्यावर होतो. अमीरबी दारात उभी होती. गाडीचं साइड स्टँड खालीच होतं. मी ते पाहिलं. तिनंही पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढं चौकात कोणी ना कोणी सांगेल, असं तिला वाटलं असावं. रस्त्यावरचे लोक सांगतातच. पण त्या सकाळी चौकात कोणी नव्हतं. वळणावर स्टँड रस्त्याला टेकलं आणि गाडी उलटली. दुपारी त्यांचा मुलगा फहीम याच्या आवाजात मीच गावाला सांगितलं, की जनाजा असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजनंतर निघेल.

आपण स्टँड पाहिलं होतं, हे अमीरबीनं कोणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं फहीमनं मोठे साउंड बॉक्स घेतले आणि मी गोदामात गेलो. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. दोन पावसाळे मला कोणी हात लावला नाही.

गेल्या मे महिन्यात डोणगावपासून सात किलोमीटरवरच्या एका वाडीत लग्न होतं. फहीमचे बॉक्स त्या दिवशी लोणारला गेले होते. अमीरबीनं मला खाली काढलं, पुसलं, बॅटरी आणि आवाज वाढवणारी मशीन घेतली आणि स्वतःच वाडीवर आली. नवरी दीपमाला ही तिथल्या अर्जुनरावांची मुलगी. नवरा सागर डोणगावचा. त्याची आई सरस्वतीबाई अमीरबीच्या ओळखीची, एकाच गल्लीतली.

सागरला नवरी आपल्या नव्या ट्रॅक्टरवर न्यायची होती. मागच्या ट्रॉलीत वऱ्हाड बसणार होतं. व्हिडिओ काढायला मेहकरहून एक जण आला होता. पावणेपाचला त्यानं ट्रॅक्टर पाहून मान हलवली.

"ट्रॉली सोडा ना भाऊ. फ्रेममध्ये फक्त नवरा-नवरी पाहिजे. मागं सूर्य."

सागरचा भाऊ गोपाल वैतागला. "वऱ्हाड काय पायी येईन? सूर्यावर बसून येईन?"

"शूटिंगपुरती सोडा. आत्ता लाईट मस्त आहे."

ट्रॉली ट्रॅक्टरला एका जाड लोखंडी पिनेनं जोडतात. खड्ड्यात पिन उसळून बाहेर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला बोटाएवढी एक कडी अडकवतात. गोपालनं कडी काढली आणि जवळच्या टेबलावर, अमीरबीच्या मशीनशेजारी ठेवली. मग पिन काढली आणि ट्रॅक्टर पुढे घेतला.

त्यांनी खोटा निरोप तीन वेळा केला. पहिल्या वेळी दीपमालानं मागे वळून आईकडे पाहिलं, म्हणून परत. दुसऱ्या वेळी अर्जुनराव चपलांसह फ्रेममध्ये आले, म्हणून परत. तिसरा चांगला झाला. तिची आजी भिमाबाई ओट्यावरून म्हणाली, "किती डाव पाठवता व पोरीले? खरी जाईन तवा रडाले पाणी उरन का डोयात?" सगळे हसले.

सव्वापाचला गोपालनं ट्रॉली परत जोडली. पिन टाकली. तेवढ्यात कोणी तरी आहेराच्या भांड्यांसाठी त्याला हाक मारली आणि तो तिकडे गेला. कडी टेबलावरच राहिली. तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. अमीरबीचंही नव्हतं.

पाच वाजून बत्तीस मिनिटांनी खरं वऱ्हाड निघालं. ट्रॅक्टर गोपाल चालवत होता, बाजूला नवरा-नवरी बसले होते. ट्रॉलीत एकवीस माणसं होती, बहुतेक बायका, मधोमध सरस्वतीबाई. वाडीपासून मारुतीच्या देवळापर्यंत रस्ता सपाट आहे. देवळानंतर उतार लागतो. उताराच्या तळाशी नाल्यावरचा पूल आहे आणि त्याला कठडा नाही.

मी चिंचेच्या फांदीवर बांधलेला होतो. तिथून मला देऊळ दिसत होतं आणि टेबलही दिसत होतं. ट्रॉली पहिल्या खड्ड्यातून गेली तेव्हा पिन वर उचलली जाऊन परत खाली बसल्याचं मी ऐकलं. धातूचा आवाज मला कळतो.

अमीरबी वायर गुंडाळू लागली आणि तिच्या हाताला कडी लागली. तिनं ती उचलली, पाहिली, आणि रस्त्याकडे पाहिलं.

"अर्जुनभाऊ, हे ट्रॉलीच्या पिनीची कडी व्हय ना?"

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. "हाव. फोन लाव, फोन लाव गोपालले."

"फोननं हाक मारली तरी ते मागूनच झाली," भिमाबाई म्हणाली.

"फोनले काय मागं-पुढं राह्यते व माय?" म्हणत अर्जुनरावांनी फोन लावला. दोन वेळा वाजला. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही. वाडीतल्या मोटारसायकली वऱ्हाडाच्या पुढे गेल्या होत्या. ट्रॅक्टर देवळाच्या अर्ध्या वाटेवर होता.

अमीरबीनं माईक उचलला. भिमाबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको बाई. नवी नवरी निघाली. जन्मभराची हाक लागन तिले. अन् लोक तुलेच बोल लावतीन. पुढं कोणी तरी पाहीन न."

अमीरबीनं माईक खाली ठेवला. मित्रांनो, त्या वेळी माझ्यात वीज होती आणि मशीनचा दिवा लाल होता. मी पूर्ण तयार होतो आणि एक शब्द बोलू शकत नव्हतो. ट्रॉलीतल्या बायका गाणं म्हणत होत्या. ते ऐकू येत होतं आणि हळूहळू कमी होत होतं.

मग अमीरबीनं आपलं मनगट सोडवून घेतलं. "पुढं कोणी नसते, मावशी," ती म्हणाली आणि माईक तोंडाशी धरला.

"गोपाल. ट्रॅक्टर उभा कर. पिनीची कडी इथंच राह्यली."

काही झालं नाही. तिनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. माझ्यातून आधी शिट्टी निघाली, मग तिचा आवाज.

"गोपाल. सागर. उतारावर जाऊ नका. मी अमीरबी बोलून राह्यली. थांबा."

तिसऱ्यांदा तिनं फक्त "थांबा" म्हटलं. त्या शब्दाच्या मध्यात माझा पडदा फाटला. मला दुखलं नाही. जुना कपडा टरकन फाटतो तसं काहीसं झालं आणि मी गप्प झालो. वाडीत आता कसलाच आवाज नव्हता. ट्रॅक्टर देवळापाशी पोचला, देवळाच्या सावलीत शिरला आणि तिथं उभा राहिला.

अर्जुनराव कडी घेऊन पळाले. बाकीचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. पिन चार बोटं वर आली होती, जेमतेम बोटभर आत अडकून होती. ट्रॉलीतल्या सगळ्यांना उतरवलं, कडी अडकवली, वरून तारही गुंडाळली.

हाक लागली होती, म्हणून वऱ्हाड परत आलं. बायका पायीच आल्या, मागून गोपालनं ट्रॅक्टर-ट्रॉली वळवून आणली. सरस्वतीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. ट्रॉलीच्या मधोमध बसल्यामुळे पिन त्यांना दिसली नव्हती, गाण्याच्या गलक्यात फक्त हाक ऐकू आली होती आणि त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या सरळ चिंचेखाली आल्या.

"हिंमत कशी झाली व तुही, नव्या नवरीले मागून हाक माराची? तुले रीत माहीत नाही?"

"माहीत आहे, वहिनी."

"मंग?"

अमीरबी टेबलाला धरून उभी होती. "आमच्या यायले नाही मारली हाक मी त्या दिवशी," ती म्हणाली. "गाडीचं स्टँड खाली होतं. मले दिसत होतं."

मागून आलेला गोपाल हलक्या आवाजात पिनीचं सांगू लागला. सरस्वतीबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. मग त्या तिथंच सतरंजीवर बसल्या आणि दीपमालाला शेजारी बसवलं. पाण्याचा तांब्या आला. त्यांनी तो आधी अमीरबीपुढे धरला. "तूही बस," त्या म्हणाल्या. "पी."

सहा वाजून चार मिनिटांनी वऱ्हाड दुसऱ्यांदा निघालं. व्हिडिओवाल्याला कोणी बोलावलं नाही. या निरोपात एकही मोठं वाक्य नव्हतं. कडी पाहिली का? पदर आत घे. भांड्याची गोणी बांध. दीपमाला, औषधाची पिशवी कुठं हाय? आजे, तुह्यापाशीच राह्यली. आण इकडं. देवळापर्यंत माणसं ट्रॉलीच्या मागे चालत गेली आणि मागून ओरडत राहिली. त्या संध्याकाळी कोणीच हाका मोजल्या नाहीत.

फहीम म्हणतो, माझं युनिट आता कुठं मिळत नाही. मी परत खिळ्यावर आहे. गोदामाचं शटर दिवसभर उघडं असतं आणि समोर रस्ता आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. भोंग्यांना जपा, पावसात टाकू नका, पण त्याहून निघणाऱ्या माणसाला जपा. सिनेमातला आणि पुस्तकातला निरोप सुंदर असतो, तो पाहा, वाचा, हवं तर रडा. आपल्या दारातला निरोप मात्र डोळे पुसून नीट पाहत चला. काही दिसलं तर हाक मारा. निघालेल्याला परत येऊन पाणी प्यायला दोन मिनिटं लागतात.

आत्ताच एक मोटारसायकल गेली. मागे बसलेल्या मुलीच्या ओढणीचं टोक चाकाला अगदी लागून होतं. तिला निरोप द्यायला दोघं रस्त्यावर आले होते. दोघंही तिकडेच पाहत होते, आणि हात हलवत होते.