राज्याचा रकाना

माझं दुकान बेळगावच्या खडेबाजारात आहे, दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढं. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट, व्हिसा असं बरंच काही लिहिलंय, पण खरं काम एकच: माणसांची आयुष्यं चौकोनी रकान्यांत बसवायची. बारा वर्षं हेच करते आहे. माझ्या हातचा एकही अर्ज कधी परत आला नव्हता आणि हे मी ऐकणाऱ्याला सांगायची, न ऐकणाऱ्यालाही सांगायची. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगीच नाही. माझं घर येळ्ळूरच्या नागोजीआप्पांनी खाली केलं.

दोन हजार एकवीसचा मे महिना होता. बाजाराला सकाळी सहा ते दहा एवढीच मुभा, त्यातही माझं शटर अर्धंच वर. त्या अर्ध्या शटरखालून वाकून आप्पा आत आले आणि मागून त्यांची मुलगी रूपाली. आप्पा फौंड्रीतून निवृत्त झालेले, आता घरची भातशेती बघणारे. रूपाली बेळगावातच नर्स. वर्षभर कोविड वॉर्डात काढल्यामुळं तिच्या नाकावर मास्कचा वळ पक्का बसला होता. तिला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती.

"पण आत्ता तिकडं कुनाला सोडत्यात व्हय गं?" मी विचारलं. त्या देशानं आपल्याकडच्या माणसांना दार जवळजवळ लावूनच घेतलं होतं.

"नर्सला सोडत्यात, आक्का. पण तीस जूनच्या आत व्हिसा पायजे. न्हायतर जागा दुसरीला जातीया."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, पण ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. चार वर्षं परीक्षा देऊन तिनं ही नोकरी मिळवली होती.

आप्पांनी पिशवीतून एक कागद काढला. मुलीची सगळी माहिती त्यांनी स्वतः वळणदार अक्षरात लिहून आणली होती, एकही खाडाखोड नाही. असं गिऱ्हाईक मला देवासारखं वाटतं. मी कागद पुढ्यात ठेवला, बघून बघून टाइप केलं, अर्ज पाठवला आणि रूपालीला म्हटलं, "जा, बॅग भर."

चार दिवसांनी उत्तर आलं. कागदपत्रं घेऊन मुंबईच्या व्हिसा केंद्रात या म्हणे. त्याच्या खालीच दुसरी ओळ होती, की मुंबईचं केंद्र पुढील सूचनेपर्यंत बंद आहे. बंगळूरचं चालू होतं, आठवड्यातून दोन दिवस, फक्त डॉक्टर आणि नर्सांसाठी, पण तिथं कर्नाटकातलेच अर्ज घेत होते. मग आमचा अर्ज मुंबईला गेलाच कसा? मी तो उघडला. राज्य: महाराष्ट्र.

आप्पांचा कागद काढून पाहिला. त्यातही तेच, खाली ठळक रेघ मारून. आणि मी ते डोळे उघडे ठेवून टाइप केलं होतं! बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. मी निपाणीच्या जैन घरातली. माझ्या आजोबांच्या तंबाखूच्या वखारीतल्या पावत्यांवरही हेच छापलेलं असायचं, लग्नपत्रिकांवर असायचं. आमच्या भागात कुणाच्या पत्त्यात कागदावरचं राज्य असतं, कुणाच्या पत्त्यात मनातलं. माझ्या डोळ्यांना ते खटकलंच नाही. अशी चूक सीमेवरचाच माणूस करू जाणे.

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, अर्जात काय लिवलंय तुम्ही हे?"

"खरं त्येच लिवलंय."

पुढं दोन दिवस मी ईमेल पाठवत राहिले. शेवटी बंगळूरवाले म्हणाले, घर ज्याच्या नावावर आहे त्यानं प्रतिज्ञापत्र द्यावं, की मुलगी याच घरात राहते आणि हे घर कर्नाटक राज्यात आहे. मग मुंबईची भेट बदलून इथली देऊ. घर आप्पांच्या नावावर. म्हणजे सही आप्पांची.

रूपालीला हे सांगितलं तर ती खाली बघूनच म्हणाली, "नको आक्का. आप्पांना सांगू नको. पुढच्या सालाला बघू."

मग तिनंच सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी सीमाभागाच्या आंदोलनात आप्पा अकरा दिवस तुरुंगात होते. सुटून आल्यावर गावासमोर बोलले होते, की येळ्ळूर कर्नाटकात आहे असं आपल्या हातानं कधी लिहून देणार नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कागदावर तो रकाना एक तर कोरा, नाहीतर सही तिच्या आईची, कांताक्कांची. लाइटचं बिल आलं तरी आप्पा त्या ओळीवर अंगठा ठेवून वाचायचे.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. पोरगी एवढं मिळवून उंबऱ्यावर उभी आहे आणि बाप शब्दाला धरून बसलाय! पण रूपालीचा राग नव्हता, म्हणून माझाही फार टिकला नाही. आजोबांच्या त्या पावत्याही आठवल्या. तरी मी आप्पांना फोन केलाच. तिनं नको म्हटलं होतं म्हणून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या कुठं यायचं?"

कोर्टाचं आवार बंद होतं, म्हणून आम्ही खासबागेत नोटरी वकील नागेंद्र यांच्या घरी गेलो. हे घरचे कन्नड, वयानं आप्पांच्याच बरोबरीचे. तरुणपणी ते समोरच्या बाजूच्या मोर्चात असायचे, आप्पा या फुटपाथवर आणि ते त्या. दोघांनाही हे चांगलं आठवत होतं.

"बर्री, नागोजी, या या," वकील म्हणाले. "आज माझ्याच दारात आलात की!"

"पोरीसाठी आलोय," आप्पा म्हणाले.

व्हरांड्यात दोन हात अंतर ठेवून आम्ही बसलो. आप्पांनी कागद तीनदा वाचला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. रूपाली म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ दे. चला घरला." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या नाकावरच्या त्या वळाकडं पाहिलं, आणि वकिलांकडं वळले.

"साहेब, एकच शब्द घाला. सध्या. ‘सध्या कर्नाटक राज्यात’ असं लिवा. लगीच सही करतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. तसं पत्र बंगळूरला कुणी हातात धरलं नसतं. पण नागेंद्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"नागोजी, वर कोपऱ्यात काय हाय बघा."

"तारखेची जागा हाय."

"प्रतिज्ञापत्र त्या तारखेपुरतंच खरं असतंय. उद्याचं मी बी सांगत न्हाय, तुमी बी सांगू नका. तारीख घातली की ‘सध्या’ त्यात आलंच की."

आप्पा त्या रिकाम्या जागेकडं बघत बसले. आत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग म्हणाले, "तारीख मी घालतो."

आणि घातली. एवढ्या मोठ्या आकड्यांत, की निम्मी ओळ भरली. मग खाली सही करायला गेले तर वाऱ्यानं कागद हलायला लागला. नागेंद्रांनी दोन हात अंतर विसरून पुढं येऊन कागद दोन्ही बाजूंनी घट्ट धरला. सही झाली. रूपाली तोंड फिरवून रस्त्याकडं बघत होती. मी मात्र उघड रडले, मला लपवता येत नाही.

"पस्तीस वर्सं त्या फुटपाथवर ओरडत होता," आप्पा वकिलांना म्हणाले, "शेवटाला लिवून घेतलंच की न्हाय!"

"घेतलो की," वकील शिक्का मारत म्हणाले. "आता च्या पिऊन जायाचं. त्याला तारीख नको."

निघताना रूपाली स्कूटरवर मागं बसली आणि तिनं बापाच्या पाठीवर डोकं टेकलं. वळणापर्यंत ते तसंच दिसत होतं.

बंगळूरची भेट मिळाली आणि सव्वीस जूनला पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा चिकटवलेला. दोघं तो मला दाखवायला आले. आप्पा म्हणाले, "हे पान लॅमिनेट कर गं, भिजाय नको." मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा बांगडीवाला बघायला आला. जुलैत रूपाली गेली. तिकडं उतरल्यावर चौदा दिवस तिला एका हॉटेलात कोंडून ठेवलं होतं, तिथून ती रोज खिडकीचा फोटो पाठवायची आणि आप्पा तो मला आणून दाखवायचे. रोज तीच भिंत. रोज म्हणायचे, "लई भारी देश हाय."

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ते आले. शटर आता पूर्ण वर होतं. हातात एक जाडजूड पाकीट, दहा ठिकाणचे शिक्के मारलेलं. माझ्यापुढं त्यांनी ते उघड्या तळव्यावर धरलं. रूपालीचं अक्षर, बापाच्या वळणाचंच. नागोजीआप्पांचं पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट येळ्ळूर, जिल्हा बेळगाव. आणि त्याखाली, ठळक रेघ मारून: राज्य महाराष्ट्र.

"अगंबाई! तरी पोचलं?" मी म्हटलं.

"न पोचाय काय झालं? पिनकोड बरोबर हाय की." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसतही नव्हते. "पाकीट लॅमिनेट करून दे मला."

"करूया की. पण आप्पा, हे अजून फोडलेलं बी न्हाय. आधी आतलं तरी काढा. काय लिवलंय पोरीनं?"

"कुनाला ठावं," आप्पा म्हणाले. "सकाळधरनं पत्ताच वाचतोय."