अंगावर काढलेला ताप

मित्रांनो, मी काचेचा एक जुना थर्मामीटर आहे. देगलूरच्या सिद्रामप्पांच्या घरी मधल्या खोलीत एक फळी आहे. तिच्यावर स्टीलच्या पेल्यात, कापसावर डोकं टेकवून मी उभा असतो. माझ्या अंगावरचे आकडे आता पुसट झाले आहेत, पण पोटातला पारा अजून खोटं बोलत नाही. म्हणून मी जे सांगणार आहे ते तुम्हाला कडू लागलं, तर त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या काचेची नळी ओढून मला केलं, केसाएवढ्या पोकळीत पारा भरला आणि गरम पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली. परीक्षेत जे चुकले ते फुटक्या काचेच्या डब्यात गेले. मी उतरलो, आणि फिरत फिरत देगलूरच्या एका मेडिकलच्या दुकानात आलो. तिथून सिद्रामप्पांनी मला स्वतः आणलं. त्यांचा एकुलता मुलगा उमाशंकर तेव्हा पाचवीत होता आणि टायफॉईडनं पडला होता. एकवीस दिवस मी त्याच्या काखेत जात होतो, दिवसातून चार वेळा. त्याची आई उमादेवी मला खिडकीशी धरायची आणि पारा दोनदोनदा वाचायची. एकविसाव्या दिवशी मी अठ्ठ्याण्णव दाखवले तेव्हा तिनं मला देव्हाऱ्यासमोर ठेवलं. त्या घरात माझ्याइतकं कुणाचं ऐकलं जात नव्हतं.

गल्लीतही माझं नाव झालं. कुणाचं लेकरू फणफणलं की माणूस धावत यायचा, "सिद्रामप्पांचा थर्मामीटर द्या." कुणी मला ताप विचारी, पलीकडच्या तेलुगू मास्तरणीबाई जरम विचारीत. मी सगळ्यांना सारखंच उत्तर देत होतो.

मग उमाशंकर मोठा झाला, बापाच्या भांड्यांच्या दुकानात बसू लागला आणि त्याचं लग्न झालं. सून आली किल्लारीची, नागप्पांची मुलगी मंजुश्री. तिच्या माहेरी ताप बघायचा तो कपाळावर हात ठेवून. पहिल्यांदा तिनं मला हातात घेतलं तेव्हा उलटं धरलं होतं. "ह्याच्यात तर काहीच दिसत न्हाई, आत्या," असं ती सासूला म्हणाली आणि मग स्वतःच हसत सुटली. पण आठवड्याभरात ती मला अशी वाचू लागली की बस. बोटांत हलकं फिरवायची, पाऱ्याची रेघ चमकली की थांबायची. गार पाण्यानं धुऊन, पुसून, तीन झटके देऊन मला जागेवर ठेवायची. तसं मला त्या घरात आधी कुणी हाताळलं नव्हतं.

कोरोनाच्या वर्षी घरात बंदुकीसारखं एक यंत्र आलं. कपाळाशी धरलं की आकडा दाखवणारं. सगळे त्याच्यावर खूश झाले आणि मी खणात जाऊन पडलो, सेफ्टी पिना आणि बंद पडलेल्या घड्याळासोबत. चार वर्षं कुणी माझी आठवण काढली नाही. पुढं त्या यंत्राच्या सेलना गंज चढला, ते बंद पडलं आणि मला पुन्हा बाहेर काढलं गेलं. काढलं मंजुश्रीनं. गेल्या हिवाळ्यातली ती गोष्ट आहे.

सिद्रामप्पा बोधनला एका लग्नाला गेले होते. तिथून आले ते खोकतच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या काखेत एकशे दोन झालो. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हा फ्लू आहे, साथ चालू आहे, आराम करा, पाणी भरपूर प्या, तापाची गोळी सांगितली तेवढीच घ्या. "आणि दम लागला, किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर घरी थांबू नका." मंजुश्रीनं हे शेवटचं वाक्य कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून भिंतीला लावलं.

तीन दिवसांत उमादेवी पडल्या, मग नऊ वर्षांची नीलांबिका, जिला सगळे नीला म्हणतात, आणि मग उमाशंकर. मित्रांनो, एका बाईनं चार आजाऱ्यांचं कसं केलं ते मी त्या फळीवरून पाहिलं आहे. सकाळी तांदळाची पेज, मीठ घालून, प्रत्येकाच्या वेगळ्या वाटीत. तासातासाला पाणी. पातेल्यात पाणी उकळून वाफ, आणि नीलाला वाफ देताना पातेलं तिच्या हाताला लागणार नाही अशा बेतानं धरलेलं. कपाळावर ओल्या पट्ट्या. खिडक्या उघड्या. खोकताना तोंडावर रुमाल धरा म्हणून मामांनाही न घाबरता सांगणं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. आणि दर चार तासांनी मी. कॅलेंडरच्या त्याच कागदावर ती आकडे लिहायची. मामा, आत्या, नीला, हे, असे चार रकाने होते. पाचवा रकाना तिनं पाडला नव्हता.

सहाव्या दिवशी सिद्रामप्पांचा ताप पूर्ण उतरला. त्याच दिवशी सकाळी उमाशंकर बरा होऊन दुकानाला निघाला होता. तो चपला घालत असताना मंजुश्री दाराशी आली.

"अहो, माझं अंग लई मोडून आलंय. आज जरा लवकर येता का? आत्याला अजून उठवत न्हाई."

"पाच दिवस दुकान बंद हाय मंजू. आज तरी बसू दे," तो म्हणाला. "तू गोळी घे की एक."

तिनं गोळी घेतली. पोटात पेज घालून घेतली, कारण रिकाम्या पोटी नको असं ती सगळ्यांना सांगत होती. मग धुणं धुतलं. चार आजाऱ्यांच्या चादरी होत्या.

दोन दिवसांनी उमादेवी उठून बसल्या. तेव्हा मंजुश्री त्यांना म्हणाली, "आत्या, आज भाकरी तेवढी तुम्ही बघता का? मला उभं राहवंना."

उमादेवींचा स्वभाव दुष्ट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्या मला पंचवीस वर्षं ओळखतात आणि मी त्यांना. पण त्या म्हणाल्या, "आमचा उतरला अन् तुझा चढला का? मलाच अजून चक्कर येऊन राहिली. तीन दिवसांनी जंगमांचं जेवण हाय, त्याच्या आधी पडू नकोस बाई."

जेवण ठरलं होतं ते सिद्रामप्पा बरे झाले म्हणून. जंगम, म्हणजे आमच्या लिंगायतांचे गुरू, आणि चार नातेवाईक, अशी वीस माणसं. पुरणपोळीचं जेवण. सासरे दुखण्यातून उठले याचा आनंद करायचा, आणि पुरण घालायचं तिनं, जिच्या कपाळाला अजून कुणाचा हात लागला नव्हता.

एक दिवस तिला बरं वाटलं. ताप उतरला असावा. मी नक्की सांगू शकत नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून चालत होती.

त्या दुपारी आमच्या गल्लीच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका धम्मप्रिया, साथीची पाहणी करायला आल्या. त्या कधीच उंबऱ्याच्या आत येत नसत आणि त्यांना कुणी या म्हणतही नसे. बाहेरूनच त्यांनी कोण कोण आजारी होतं ते लिहून घेतलं. उत्तरं मंजुश्री देत होती. चौथ्या नावाशी धम्मप्रियाताई थांबल्या.

"वहिनी, बोलताना असा दम का लागतोय तुम्हाला?"

"न्हाई ओ. जिना चढून आले आत्ताच."

"तुमच्या घराला जिना कुठाय? तुमचा ताप पाहिला का?"

मंजुश्रीनं पदरानं कपाळ पुसलं. मग धम्मप्रियाताईंनी उंबऱ्यावरूनच हात पुढं केला. "थर्मामीटर आणा बरं. नीला, आण बाळा."

नीलानं मला आणलं. ओसरीच्या पायरीवर बसून मंजुश्रीनं मला काखेत धरलं. मित्रांनो, त्या घरात त्या साथीत मी शंभर वेळा तरी काखेत गेलो असेन. तिच्या काखेत पहिल्यांदाच. मी चढत गेलो, चढत गेलो. मला थांबता येत असतं तर मी थांबलो असतो.

"एकशे तीन!" धम्मप्रियाताईंनी मला उजेडात धरून सांगितलं. "अन् किती दिवस झाले? ताप उतरून परत आलाय का?"

"काल जरा बरं होतं," मंजुश्री हळूच म्हणाली.

"आजी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे साधं न्हाई. मी येते सोबत, रिक्षा बोलावते."

उमादेवी दारात आल्या होत्या. "नेतो की. उद्या जेवण हाय, माणसं सांगून ठेवलीत. परवा सकाळी पयला नंबर लावतो."

"परवा न्हाई आजी, आज. इथूनसुद्धा दिसतंय, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय बघा."

"हाव, हाव. वाचता येतं आम्हाला."

धम्मप्रियाताईंनी उमाशंकरला फोन लावला. तो म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी बघतो. त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. कोपऱ्यावरून दोनदा वळून पाहिलं आणि गेल्या. त्या गेल्यावर उमादेवींनी मला दोन वेळा धुतलं. एकदा तापामुळं. दुसऱ्यांदा कशामुळं, ते मला विचारू नका.

संध्याकाळी उमाशंकर आला. मंजुश्री पाटावर बसून डाळ निवडत होती. त्यानं विचारलं, "कसं वाटतंय?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. सासू शेजारीच बसली होती. "ठीक हाय," ती म्हणाली. त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पुरण झालं. दुपारी पंगत बसली. सिद्रामप्पा नवं उपरणं घेऊन मधोमध बसले होते आणि सगळे त्यांना म्हणत होते, तब्येत झटक्यात सुधारली की अप्पा. आतून पोळ्या येत होत्या. मग यायच्या थांबल्या. "पोळी!" कुणीतरी हाक मारली. पुन्हा मारली. नीला आत गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

मंजुश्री चुलीसमोर भिंतीला टेकून बसली होती. श्वास वरच्या वर चालला होता आणि ओठ निळसर पडले होते. तव्यावरची पोळी जळत होती. उमाशंकरनं तिला उचललं, आणि जाता जाता, का कोण जाणे, मला पेल्यातून ओढून खिशात घातलं. म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

देगलूरहून तिला ॲम्ब्युलन्सनं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, ऑक्सिजनची नळी लावली आणि वळून विचारलं, "ताप किती दिवसांपासून आहे?"

उमाशंकर म्हणाला, "कालपासून... म्हणजे... परवा..."

"नेमकं सांगा."

त्याला बापाच्या तापाचा प्रत्येक दिवस आठवत होता. आईचाही. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला आहे, आणायला उशीर झाला, असं त्या म्हणाल्या. मी खिशात होतो. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मंजुश्री गेली. चौतीस वर्षांची होती.

मी पुन्हा फळीवरच्या पेल्यात आलो आणि घरी माणसं भेटायला येऊ लागली. उमादेवी भिंतीला टेकून बसायच्या, रडायच्या, आणि येईल त्याला तेच सांगायच्या, "अंगावर काढलं हो तिनं. आमचं सगळ्यांचं केलं अन् स्वतःचं एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर काय आम्ही नेलं नसतं?" येणारे मान हलवायचे. लई सोशिक पोरगी, म्हणायचे. लक्ष्मी होती, म्हणायचे. आठ दिवसांत ती गोष्ट इतकी घट्ट झाली की ती रचलेली आहे असं वाटेनासं झालं. तिला देवी करून टाकलं म्हणजे कुणाची चूक उरत नाही.

नवव्या दिवशी किल्लारीहून नागप्पा पुन्हा आले. खोलीत वीसेक माणसं होती. उमादेवींनी पुन्हा सुरुवात केली, "एका शब्दानं बोलली न्हाई ओ, व्याही..."

"आजी, आई बोलली होती," नीला म्हणाली. ती माझ्या फळीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "भाकरी तुम्ही बघता का म्हणली होती. मी हितंच होते. आशाताईंनी पण सांगितलं होतं. थर्मामीटर मीच आणला होता."

"लहान हाय, तिला काय कळतंय," सिद्रामप्पा घाईनं म्हणाले. "जा बाळा, बाहेर खेळ."

नीला उठली नाही. नागप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सावकाश जावयाकडे वळले.

"जावईबापू, खरं सांगा. माझी लेक बोलली होती का?"

उमाशंकरनं आईकडे पाहिलं. मग बापाकडे. मग खाली मान घातली.

"हाव. बोलली होती. मलाच बोलली होती."

"कवा?"

"पयल्याच दिवशी."

उमादेवींनी पदर तोंडावर ओढला. नागप्पा उठले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले.

मित्रांनो, माझ्यासारखे थर्मामीटर आता फारसे मिळत नाहीत. मी फुटलो तर माझ्या पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. माझ्याबद्दल एवढंच. पण तुमच्या घरात साथ शिरेल तेव्हा एक करा. पेज कोण शिजवतंय ते बघा आणि तिला बसवून तिचाही ताप मोजा. आणि ती "अंग मोडून आलंय" म्हणाली, तर चपला घालू नका. आधी तिचं ऐका.