धोका स्वीकारला

हॉस्पिटलच्या वेबसाइटवर आधी मोठ्या डॉक्टरांचा फोटो यायचा, मग नव्या इमारतीचा, मग पुन्हा मोठ्या डॉक्टरांचा. फोटो असे एकामागून एक सरकवण्याचं काम सॉफ्टवेअरचा एक चिमुकला तुकडा करायचा. त्याला तिथे स्लायडर म्हणत. या स्लायडरला भोक होतं. म्हणजे, कुणीही परका माणूस त्यातून वेबसाइटच्या पोटात शिरू शकेल अशी एक चूक त्यात राहून गेली होती. स्लायडर बनवणाऱ्यांनी ती प्रामाणिकपणे जगजाहीर केली होती आणि दुरुस्त केलेली नवी आवृत्तीही फुकट देऊ केली होती. आता जगजाहीर म्हणजे चोरांनाही जाहीर, हे काही वेगळं सांगायला नको.

असल्या बातम्या वाचणं हेच जिचं काम, तिला ऑफिसात सगळे भोंगा म्हणत. रोज सकाळी आल्या आल्या ती कॉम्प्युटर उघडायची, वेबसाइट ज्या ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहे त्यात कुठे नवं भोक सापडलंय का ते बघायची आणि व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जाऊन वाजायची. नाव काही बाईमाणसाला शोभणारं नव्हतं, पण तिला मनातून त्याचा अभिमानच होता. आपल्याखेरीज इथे कुणालाच कशाची काळजी नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

"सर, स्लायडर अपडेट करायला हवा."

"मागे केला होतास ना? मग काय झालं, आठवतंय ना?"

आठवत होतं. नव्या आवृत्तीत फोटो आपोआप वरून कापला जायचा, आणि मोठ्या डॉक्टरांचं कपाळ भुवयांपासून गायब व्हायचं. ते पाहून मोठ्या डॉक्टरांनी व्यवस्थापकांना वर बोलावून घेतलं होतं. खाली आले तेव्हा व्यवस्थापकांचा चेहरा पडला होता आणि जुना स्लायडर त्याच दिवशी परत बसला होता.

"फोटो थोडा लहान केला तर नीट बसेल, सर."

"मोठ्या डॉक्टरांचा फोटो लहान करायचा? बरं, तूच जाऊन सांग त्यांना."

ती गेली नाही. भोंगा झाला तरी तो कुठल्या मजल्यापर्यंत वाजवायचा, हे तिला कळत होतं.

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. कुणाच्या रजेला आडकाठी करायचा नाही, कुणावर ओरडायचा नाही. फक्त कुठलीही गोष्ट अंगाशी येणार असं दिसलं की तो ती हळूच उचलून बाजूला ठेवायचा. त्याची सोयही केबिनमधल्या स्क्रीनवर होती. प्रत्येक भोकासाठी तिथे एक लाल चौकोन यायचा, आणि चौकोनाशेजारी एक बटण होतं, 'धोका स्वीकारला'. ते दाबलं की लाल चौकोन राखाडी व्हायचा. मासिक बैठकीत फक्त लाल चौकोनांवर चर्चा होत असे. व्यवस्थापक बटण दाबून मोकळे व्हायचे. काही दिवसांनी चौकोन पुन्हा लाल व्हायचा, ती पुन्हा वाजायची, ते पुन्हा दाबायचे. धोका कुणाचा आणि तो स्वीकारणारा कोण, हे विचारायची सोय त्या बटणात नव्हती.

वेबसाइटच्या पोटात पेशंटांचे रिपोर्ट होते. आणि त्यात आता तिच्या वहिनीचाही होता.

वहिनीच्या छातीत गाठ लागली तेव्हा तिने ती नवऱ्याला सांगितली आणि या नणंदेला. तिसऱ्या माणसाला कळता कामा नये अशी तिची अट होती. सासूला तर मुळीच नाही. "आईंना कळलं की मावशींना कळणार, मावशींना कळलं की सगळ्यांना. माझे केस गळायच्या आधीच लोक माझ्या डोक्याकडे बघायला लागतील. मला ते नकोय गं. उपचार होऊ देत, मग सांगेन ना मीच."

"आमच्या हॉस्पिटलात ये. बाकी सगळं माझ्यावर सोड," नणंद म्हणाली होती.

वहिनीला रिपोर्ट बंद पाकिटातून हवा होता. नणंदेनेच तिला समजावलं की पाकीट घरात कुणाच्याही हाती लागेल, त्यापेक्षा साइटवर बघ, पासवर्डशिवाय कुणाला दिसत नाही. स्लायडरचं भोक तिला तेव्हाही माहीत होतं. पण ते आज ना उद्या बुजणारच होतं. शिवाय अशा गोष्टी ऑफिसबाहेर बोलायच्या नाहीत असा नियम होता. शिवाय आजारी माणसाच्या डोक्याला आणखी ताप कशाला? कारणं सगळी चांगली होती. संध्याकाळी वहिनी विचारायची, "काय म्हणतंय ऑफिस?" आणि ती म्हणायची, "नेहमीचंच. कुणी ऐकत नाही माझं."

मग एका सकाळी मोठे डॉक्टर वेबसाइटवरून नाहीसे झाले. त्यांच्या जागी गळ्यात जाड साखळी घातलेला एक गृहस्थ नोटांच्या गड्डीमागून हसत होता आणि लोकांना आजच नशीब आजमावायला सांगत होता. त्याच्या पाठोपाठ नवी इमारत आली, आणि मग पुन्हा तोच गृहस्थ.

हॉस्पिटलमध्ये एकच धावपळ उडाली. मोठे डॉक्टर, जे कधी खाली उतरत नसत, ते स्वतः तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. व्यवस्थापकांना दरदरून घाम फुटला होता. "अपडेट कर! आत्ताच्या आत्ता कर! वाट कसली बघतेस?"

तिने केलं. फोटो लहान करायलाही तिने या वेळी कुणाला विचारलं नाही. कपाळ पूर्ण बसलं, वर केसांनाही जागा उरली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःला डोळे भरून पाहिलं, "शाब्बास" म्हणाले आणि वर निघून गेले. इतकं सोपं होतं ते, हे पाहून तिला रडावं की हसावं कळेना.

दुपारी सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीचा फोन आला. तिने तो व्यवस्थापकांच्या टेबलावर स्पीकरवर लावला.

"मॅडम, जाहिरात लावणं हा वरवरचा खेळ होता. आत शिरून रिपोर्टांचं अख्खं फोल्डर उचललंय त्यांनी."

"उचललंय म्हणजे?" व्यवस्थापक दचकले. "आपल्याकडे आता नाही?"

"आहे की. त्यांनी कॉपी करून नेलंय."

"अहो मग असं नीट सांगा ना! घाबरवलंत उगाच." त्यांनी फोन ठेवला आणि सुटकेचा श्वास टाकला. "आपलं सगळं जागच्या जागी आहे."

"सर, पेशंटांना कळवायला हवं. आजच."

"कळवू, कळवू. आधी नेमकं काय गेलंय ते ठरू दे. त्याला समिती लागेल. समितीला मोठ्या डॉक्टरांची वेळ लागेल." बोलता बोलता त्यांनी समोरच्या स्क्रीनवर रिपोर्ट गेल्याचा नवा लाल चौकोन पाहिला, हात लांब केला आणि बटण दाबलं.

ती त्या राखाडी चौकोनाकडे बघत राहिली. मग पर्स उचलून घरी आली.

वहिनी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. नणंदेने मागचं दार ओढून घेतलं.

"वहिनी, आमची साइट फुटली. तुझा रिपोर्ट चोरीला गेलाय."

वहिनीने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. "कुणाकडे गेलाय?"

"माहीत नाही."

"परत मिळेल?"

"नाही. असं परत मिळत नसतं."

वहिनीने दुसरा टॉवेल घडीला घेतला, तेव्हा नणंदेचा बांध फुटला. मोठ्या डॉक्टरांचं कपाळ, व्यवस्थापकांचा भित्रेपणा, ते मेलं बटण, सगळं तिने भडाभडा ओकून टाकलं. रोज सांगत होते गं मी, घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, एकानेही ऐकलं नाही.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं."

"हो ना! मी तर पहिल्या दिवसापासून..."

"मी पाकीट मागितलं होतं, तेव्हाही?"

नणंद दोरीवरचा एक चिमटा काढू लागली.

"त्यांना रोज सांगत होतीस," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "एकदा मला सांगायचं होतंस. मी पाकीट घेतलं असतं, वाचून फाडलं असतं. माझा आजार आहे ना तो?"

"मला वाटलं, तुला उगाच काळजी..."

"आई आत आहेत?"

"आहेत. का?"

"बाहेरून कुणीतरी येऊन सांगण्याआधी मीच सांगते."

"थांब, मी पण येते."

"नको. तू बस इथे."

वहिनीने कपड्यांचा ढीग तिच्या हातात दिला आणि दार उघडून आत गेली. थोड्या वेळाने आईच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. आता आईचा हंबरडा ऐकू येणार म्हणून नणंद जीव मुठीत धरून बसली. हंबरडा आला नाही. आई हळू आवाजात काहीतरी म्हणाली, आणि मग वहिनीच्या रडण्याचा आवाज आला. गाठ लागल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. नणंदेला आत धावत जावंसं वाटलं, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं.