मेमरीची पट्टी

अण्णांच्या हाती पडलेली लग्नपत्रिका धड सुटली असं कधी झालं नाही. अंबरनाथ पूर्वेच्या त्या बिल्डिंगमधले लोक पत्रिका द्यायला आले की दारातूनच सटकायला बघत. अण्णा त्यांना बसवून घ्यायचे, लाल पेन काढायचे, 'आशिर्वाद'मधला 'शि' दीर्घ करायचे आणि मगच मुलीचं अभिनंदन करायचे. कल्याणच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार! खिळे जुळवणारा एखादा जर म्हणाला, की अण्णा, अक्षर मशीननं खाल्लं, तर अण्णा त्याला खाऊ की गिळू करायचे. चूक निघाली की ती माणसाची. मशीनच्या नावानं खडे फोडलेले त्यांना खपत नसत.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचाच गेली. उजवा हात गेला. डोकं मात्र शाबूत आहे, सगळं कळतंय त्यांना, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेच जास्त वाईट होतं. डाव्या हातानं पाटीवर लिहून पाहिलं, पण ते अक्षर अण्णांना स्वतःलाच बघवेना. ओळ पुरी व्हायच्या आत मनगटानं पुसून टाकायचे.

मुलगा श्रीपाद एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होता. त्याला कॉम्प्युटरचं वेड. उल्हासनगरला कॅम्पात तोलारामच्या दुकानातून सुटे भाग आणून त्यानं घरी कॉम्प्युटर जोडला, त्यात मराठी टाकलं आणि अण्णांना त्याच्यासमोर बसवलं. अण्णा डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबू लागले. बऱ्याच दिवसांच्या खटपटीनंतर त्यांचं पहिलं वाक्य पडद्यावर उमटलं. 'वृंदा, आमटीत मीठ नाही. कालही नव्हतं.'

वृंदा, म्हणजे श्रीपादची बायको, सासऱ्यांची बोलणी खाऊन कधी इतकी खूष झाली नसेल. ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

एक कटकट होती. चालू केला की कॉम्प्युटर आधी स्वतःची मेमरी मोजत बसायचा, टक टक टक टक. अण्णांना तेवढाही धीर निघत नसे. डावा हात टेबलावर आपटायचे. इतके दिवस मुका राहिलेला माणूस, त्याला काहीतरी बोलायचंय, आणि मशीन म्हणतंय थांबा जरा! श्रीपादला ते बघवेना. त्यानं ती मोजणी आणि मेमरीची तपासणी, दोन्ही बंद करून टाकली. कॉम्प्युटर पटकन उघडू लागला. अण्णांनी मान डोलावली. श्रीपादला आपण बापासाठी फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

मग अक्षरं चुकू लागली. आधी त्याची गंमतच झाली. 'चहात साखर कमी' असं अण्णांनी लिहून ठेवलेलं, वृंदानं दुपारी उघडलं तर 'चहात साखर कशी'. "साखर गोडच असते, अण्णा," ती म्हणाली आणि सगळे हसले. अण्णाही अर्ध्या तोंडानं हसले. मग 'खिडकी लाव'चं 'खिडकी लाज' झालं. रोज नाही, प्रत्येक ओळीत नाही, पण पानात एखादं अक्षर हटकून. अण्णांची छापखान्यातली सवय जात नव्हती. आदल्या दिवशीचं लिहिलेलं सकाळी ते मुद्रितासारखं तपासायचे, आणि आपण लिहिताना नीट बघून लिहिलेलं अक्षर दुसरंच निघायचं. ते बराच वेळ त्या अक्षराकडे बघत बसायचे.

"मशीनचं तर काही नसेल ना हो?" वृंदानं एकदा विचारलं.

"अगं, कॉम्प्युटर असा चुकत नसतो," श्रीपाद म्हणाला. "दाबलं तेच उमटणार." शेवटी मुलगा कुणाचा! अण्णा ऐकत होते. त्यांनीही होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं, की या आजारात हळूहळू असंच होत जातं, मनाची तयारी ठेवा.

अण्णांची बायको मालिनी झटक्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिचं श्राद्ध जवळ आलं तेव्हा अण्णांनी तिच्याबद्दल लिहायला घेतलं. जेवण सोडून बसायचे. दोन पानं झाली. श्राद्धाच्या सकाळी त्यांनी ती उघडली आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागले. 'मालिनी'चं दोनतीन ठिकाणी 'मालिती' झालं होतं. बायकोचं नाव! शेवटच्या ओळीपर्यंत अण्णांनी वाचलं, मशीन बंद केलं आणि त्यावर कापड ओढलं. त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत. श्रीपादनं विनवलं, हाताला धरून नेलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

घर हळूहळू त्यांना वगळून बोलायला शिकलं. भाजी काय करू, हे त्यांना कुणी विचारेना. आलागेला त्यांच्यासमोरच "आता डोक्याचंही तसंच झालंय" म्हणायचा. अण्णा खिडकीशी बसून असत. कधी ताट पुढ्यात आलं तरी ओळख नसल्यासारखे बघत राहायचे. त्याचंही कुणाला नवल वाटत नव्हतं. सगळ्यांनी ते धरूनच ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी श्राद्धाला बदलापूरहून श्रीपादची बहीण उमा आली. दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "दादा, अण्णांनी आईवर लिहिलेलं मला वाचायचंय. चुका असू देत. त्यांचं बोलणं आता तेवढंच उरलंय ना रे आपल्याकडे."

श्रीपादनं कापड काढून कॉम्प्युटर चालू केला. विंडोज अर्धं उघडलं आणि पडदा निळा पडला. पुन्हा चालू केला तर म्हणे अमुक फाईल सापडत नाही. सीडीवरून ती घातली, तर दुसरी सापडेना. उमा शेजारी बसून होती. मशीननं विचारलं, डिस्कवर बरेच दोष आहेत, दुरुस्त करू का? श्रीपाद हो म्हणाला. कुणीही हो म्हटलं असतं. दुरुस्ती झाली आणि अण्णांची पानं जागेवर नव्हती. त्यांच्याऐवजी नंबर घातलेले तुकडे होते. एकेक उघडून पाहिला, आत नुसते चौकोन. त्यानं विंडोज सगळंच पहिल्यापासून घालायला घेतलं. एकदा ते सुरुवातीलाच अडलं, एकदा अगदी शेवटाला येऊन. करावं तितकं बिघडत चाललं होतं. शेवटी त्यानं कॉम्प्युटरचा डबा उचलला, रिक्षात घातला आणि उल्हासनगर गाठलं.

तोलारामनं डबा उघडलाही नाही. चालू केला आणि पडद्याकडे बघून भुवया चढवल्या. "श्रीपादभाई, ये गिनती किसने बंद की?"

"मैंने. वडिलांना थांबायला होत नव्हतं."

तोलारामनं तपासणी चालू केली. थोड्या वेळानं काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. या मशीनची मेमरी भरवशाची नाही.

"लो. विंडोज को गाली मत दो, साईं. डिस्क में खराबी नहीं, मेमरी की ये पट्टी बीच में बदल देती है. एकाध अक्षर, एकाध नंबर. सब नहीं, इसलिए पता नहीं चलता."

"अक्षर?" श्रीपादनं विचारलं. "टाइप केलेलं अक्षर? बदलून जातं?"

"जो इसमें से गुजरेगा, बदल सकता है."

श्रीपाद दुकानातल्या स्टुलावर बसला. 'कमी'चं 'कशी' झालं होतं. 'लाव'चं 'लाज'. 'मालिनी'चं 'मालिती'. अण्णांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यांना वेड्यात काढलं. पहिल्याच दिवशी मशीननं सांगितलं असतं, पण आपणच त्याचं तोंड दाबून धरलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. त्यानं अण्णांच्या पानांचं विचारलं.

तोलारामनं मान हलवली. "दुरुस्ती चलाई ना? वो भी तो इसी मेमरी से हुई. अच्छे को खराब समझा, और ऊपर से खराब लिख दिया. वो गया."

नव्या पट्टीवर विंडोज एका दमात बसलं. श्रीपाद डबा घेऊन घरी आला आणि चपला न काढताच अण्णांसमोर उकिडवा बसला. "अण्णा, चूक तुमची नव्हती. मशीनची होती. मेमरी मशीनची गेली होती, तुमची नाही." त्यानं ते परत परत सांगितलं. अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. डावा हात खुर्चीवर रोवून ते आपले आपण उठले आणि मशीनसमोर जाऊन बसले. उमानं तोंडाला पदर लावला. वृंदा गॅस बंद करून धावत आली.

"काय म्हणायचंय ते लिहा, अण्णा. काहीही."

अण्णा लिहू लागले. बोट फिरत होतं, थबकत होतं, अक्षर शोधून दाबत होतं. तिघं जण मागे उभे होते. शेवटी त्यांनी पूर्णविराम दिला आणि हात मांडीवर घेतला.

'खिडकीचा रविवार वाटीत भरून शिजवावा, तसेच पायऱ्यांनी दूध द्यावे.'

श्रीपादनं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी होतं. मशीननं काही बदललं नव्हतं. गेल्या वर्षभरात कधीतरी, खिडकीशी बसल्या बसल्या, अण्णांना दुसरा झटका येऊन गेला होता, आणि घरातल्या एकाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. डोकं गेलंय असं म्हणत सगळे बसले, आणि ते खरोखर जात होतं तेव्हा कुणी डॉक्टरला साधा फोनही केला नाही.

अण्णांनी मान वळवली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. बरोबर आलं का, एवढंच ते डोळ्यांनी विचारत होते.

उमा काही बोलणार, तोच श्रीपाद म्हणाला, "अजून मशीनमध्येच गडबड आहे, अण्णा. मी बघतो. तुमचं बरोबर आहे."

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी श्रीपादच्या पाठीवर डावा हात ठेवला. हरकत नाही, कर सावकाश, असा.

श्रीपादनं डबा उघडला. पट्टी नीट लागत नसली की तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, हा कॅम्पातल्या दुकानांतला पहिला उपाय. या नव्या कोऱ्या पट्टीला त्याची गरज नव्हती. त्यानं ती काढली, आणि अण्णा बघत होते तोवर घासत राहिला.